अमेरिकेत हौसेसाठी सोन्याचा प्लेसर क्लेम घ्यावा का?

सहकारनगरचे_काका

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असल्यास संपादकांनी धागा हलवावा.

पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. मुलगी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ असते, तिला तिकडचं नागरिकत्व मिळालंय. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे जातो. दुपारी करायचं काय, हा तिथला मोठा प्रश्न. मॉल पाहून झाले, मंदिर पाहून झालं. मागच्या खेपेला जावयांनी कोलोमाला नेलं. १८४८ च्या जानेवारीत जेम्स मार्शलला लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं सापडलं, ते हे गाव. तिथे अमेरिकन नदीच्या काठी ठरलेल्या जागेत हाताने वाळू धुवायला परवानगी आहे. हिरवी प्लास्टिकची परात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. तासाभराने तळाच्या काळ्या वाळूच्या कडेला दोन-तीन पिवळे ठिपके दिसले. सौ. म्हणाल्या, "यात माझी चमकीसुद्धा होणार नाही." पण मला नाद लागला तो लागलाच.

आता जावयांनी नेटवरून एक जाहिरात काढली आहे. यूबा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर २० एकरांचा प्लेसर क्लेम, म्हणजे वाहून आलेल्या वाळू-गोट्यांतलं सोनं काढायचा हक्क. किंमत साडेचार हजार डॉलर. सोबत व्हिडिओ आहे, त्यात परातीत गव्हाएवढे दाणे चमकतात. २० एकर म्हणजे ८०० गुंठे हो! तेवढ्या पैशात मुळशीतला एजंट फोनसुद्धा उचलत नाही.

जमीन माझ्या नावावर होते का? एखादी पत्र्याची शेड टाकता येईल का? आणि वर्षाचा खर्च काय? श्रीमंत व्हायचं नाहीये, हात चालते राहावेत एवढंच.

चुरमुरे

काका, लकडी पुलाखाली परात घालून बघा. सोनं सोडून सगळं मिळेल.

सिएराकर

काका, एक डॉलरही पाठवू नका, आधी हे वाचा. मूळचा नारायण पेठेतला, आता बरीच वर्षं ग्रास व्हॅलीत आहे आणि शनिवार-रविवार हेच उद्योग करतो.

जमीन तुमच्या नावावर होत नाही, मुलीच्याही नाही. सातबारा सरकारचाच राहतो. १८७२ च्या खाणकायद्याखाली मिळतो तो फक्त खनिज काढायचा हक्क. पूर्वी पुढे जाऊन 'पेटंट' घेतलं की जमीनही मिळायची, पण १९९४ पासून त्याचे नवे अर्ज घेणं बंद आहे. तेव्हा '२० एकरांचे मालक व्हा' असं लिहिणारा एक तर अडाणी नाहीतर लबाड. लोक तुमच्या क्लेमवर येऊन मासे धरतील, चुली मांडतील. त्यांना हाकलता येत नाही, फक्त तुमचं सोनं त्यांनी उचलायचं नाही. शेड विसरा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे इथलं केंद्राचं जमीन खातं, त्याच्या जमिनीवर ९० दिवसांत १४ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करायचा तर वेगळी परवानगी लागते. जंगल खात्याची जमीन असेल तर रेंजरच्या ऑफिसात विचारायचं.

नाव कुणाचं लागेल? क्लेम नागरिकाला धरता येतो, किंवा नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्याला. टुरिस्ट व्हिसावरच्या माणसाला नाही. म्हणजे कागद मुलीचा आणि तुम्ही तिचे पाहुणे. सासरेबुवांच्या हौसेपायी दरवर्षीची तारीख सांभाळायची जावयांची तयारी आहे का, ते आधी विचारा. कारण १ सप्टेंबरच्या आत दर २० एकरांना २०० डॉलर भरावे लागतात. चुकले तर क्लेम गेला, दंड भरून परत मिळत नाही. दहा किंवा कमी क्लेम असणाऱ्याला माफीचा अर्ज करता येतो, पण मग वर्षाला १०० डॉलरचं काम करून ३० डिसेंबरपर्यंत तसं प्रतिज्ञापत्र दाखल करायचं.

आता खरी मेख. विक्री होते ती क्विटक्लेम डीडवर. त्याचा अर्थ एवढाच, की 'माझा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला'. काहीच हक्क नसेल तर काहीच दिलं नाही, आणि तुम्हाला ओरडता येत नाही. ब्युरो कागद नोंदवून घेतं, खालच्या जागेवर आधीच कुणाचा क्लेम बसलाय का याचा निवाडा करत बसत नाही. म्हणून विक्रेत्याकडून क्लेमचा सीरियल नंबर मागा आणि ब्युरोच्या एमएलआरएस या संकेतस्थळावर स्वतः बघा. क्लेम चालू आहे का, नाव त्याचंच आहे का, त्याच चौकोनात जुना क्लेम आहे का, जागा खाणकामाला बंद केलेल्या पट्ट्यात येते का. पुण्यात प्लॉट घेताना सर्च रिपोर्ट काढता ना, मग इथे का नको?

आणि साडेचार हजार कशाचे? त्या माणसाने कोपऱ्यांवर खुंट रोवले, नोटीस लावली, ९० दिवसांत नोंद केली. सरकारी फी तीनशेच्या आतबाहेर. मोकळी जागा शोधून हे मुलगीही करू शकते. अर्थात चांगल्या जागा दीडशे वर्षांत कुणी मोकळ्या ठेवल्यात, हा प्रश्न आहेच.

अजून एक, जे जाहिरातवाले कधीच सांगत नाहीत. शहाण्या माणसाने पैसा आणि कष्ट घालावेत इतपत खनिज सापडलेलं असेल तरच क्लेम कायद्याने पक्का. हौस त्यात बसत नाही. सरकार प्रत्येक क्लेम तपासत नाही म्हणून हौशी मंडळींचं चाललंय.

त्या व्हिडिओत मागे इंजिनाचा आवाज येतो का ऐका. येत असेल तर तो बहुधा नदीचा तळ ओढून घेणारा पंप आहे आणि कॅलिफोर्नियात त्याला २००९ पासून बंदी आहे. तुमच्या वाट्याला फावडं आणि परात. माझ्या मते तुम्ही हौशी सोनं शोधणाऱ्यांच्या एखाद्या क्लबची वर्गणी भरा, त्यांच्या क्लेमवर जा. कागदांची कटकट त्यांची.

पेढीवरची

सिएराकर, छान लिहिलंत. माझं सासर रविवार पेठेतलं, घरात सराफी, म्हणून दोन गोष्टी.

गव्हाएवढा भरीव दाणा अर्धा ग्रॅम सहज भरतो. परातीत असे आठ-दहा दिसत असतील तर विकणारा ओढा सोडून चाललाय कशाला? बाजारातून दाणे आणून वाळूत टाकणं फार जुनी युक्ती आहे. शिवाय नदीतलं सोनं चोख नसतं. कॅलिफोर्नियातलं साधारण ८० ते ९० टक्के, उरलेली बहुतेक चांदी. २४ कॅरेटच्या भावाने हिशेब करू नका.

दुसरं महत्त्वाचं. आमच्या दुकानाचा केरही विकला जायचा. झारेकरी तो नेऊन धुवायचे आणि बारीक कण पाऱ्याने धरायचे. कॅलिफोर्नियातल्या जुन्या खाणवाल्यांनीही तेच केलं आणि त्यांचा पारा अजून त्या नद्यांत पडलेला आहे. सोन्याचा कण पांढरट, चांदीसारखा दिसला तर तो पारा लागलेला. तो मुलीच्या किचनमध्ये गॅसवर तापवू नका, वाफ विषारी असते. वेगळ्या बाटलीत पाण्याखाली ठेवा.

आडवाटेचा_भूगोल

चुरमुरेंना उत्तर: मुठेत सोनं नाही कारण आपण बेसॉल्टवर बसलोय. सोनं सहसा जुन्या खडकांतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत असतं, कर्नाटकातल्या हट्टी-कोलारसारखं. विदर्भात मात्र जुने खडक उघडे आहेत आणि तिकडचा सोनझरी समाज वाळू धुवून सोनं काढायचा. पण हौस म्हणून तिकडेही जाऊ नका, १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय सोनं शोधणंही गुन्हा आहे.

सहकारनगरचे_काका

सर्वांचे आभार. मुलीने विक्रेत्याकडे नंबर मागितला. त्याने दोनदा टाळून तिसऱ्यांदा दिला. नोंदीत नाव भलत्याच माणसाचं! विचारलं तर म्हणे "मित्राचा आहे, तो सही करेल." जावयांनी तिथेच विषय बंद केला. इंजिनाचा आवाजही येतोच आहे, मी कानाला हेडफोन लावून ऐकलं.

क्लबचं बघतो. दरम्यान भोसरीत ओळखीच्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथे वाळू धुवायची पन्हळ, ती स्लूस बॉक्स म्हणतात ती, करून न्यावी म्हणतो. उतार किती ठेवू?

सिएराकर

फुटाला एक इंच धरून सुरुवात करा. खरा उतार नदीत दगड सरकवूनच जमतो: आडव्या पट्ट्यांमागे काळी वाळू धरली पाहिजे, पण पट्टी पूर्ण बुजता कामा नये. बुजली तर उतार वाढवा, सगळंच धुऊन जात असेल तर कमी करा. तळाला खरबरीत रबर मॅट घाला. बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा, दोन तुकड्यांत, नाहीतर विमानातल्या बॅगेचे २३ किलो त्यातच संपतील आणि काकूंचं लोणचं राहील. कोलोमाला मात्र तो बाहेर काढू नका, तिथे हात आणि परात एवढंच चालतं.