जुन्या चेरोकीचा पंख: दुरुस्त करावा की सरळ बदलावा?

तिसरा भागीदार
आम्हा तिघांत मिळून १९६७ सालचं पायपर चेरोकी हे छोटं विमान आहे. यंदा वार्षिक तपासणीत डाव्या पंखातली इंधनाची टाकी उतरवली, तर मागे मुख्य स्पारवर (पंखाचा भार पेलणारी आडवी तुळई) पांढरी पूड, म्हणजे ॲल्युमिनिअमचा गंज! बोट फिरवलं की देवीच्या वणांसारखे खळगे हाताला लागतात. उजवा पंख स्वच्छ. खळग्यांची खोली अजून मोजायची आहे, पण तिघांत आत्ताच भांडण जुंपलंय. एकाने मोडीत निघालेल्या विमानाचा पंख हेरून ठेवलाय: "तो लावा आणि मोकळे व्हा."

मी दुरुस्तीच्या बाजूचा. तो पंखही आपल्याच वयाचा. आपल्या पंखाचं दुखणं निदान दिसलं तरी आहे, त्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. त्या काळच्या कितीतरी छोट्या विमानांत आतून प्रायमर मारलेलाच नसे. पत्र्यावर अल्क्लॅडचा, म्हणजे शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर असायचा, तेवढंच संरक्षण. एक्सट्रूजनवर, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या पट्ट्यांवर, तोही नसतो. मग दुसऱ्याच्या पंखावर आंधळा विश्वास का ठेवायचा? बोला.

रिव्हेटगन
बदला. पत्रेकामात हात काळे केलेला माणूस बोलतोय.

स्किनचा, म्हणजे पंखावरचा बाहेरचा पत्रा सडला तर कापून नवा लावता येतो. स्पारचं तसं नाही. खळगा घासून काढायचा म्हणजे आजूबाजूचा चांगला धातूही घालवायचा, आणि गेलेली जाडी परत येत नाही. किती घासायचं याची हद्द विमान बनवणाऱ्याच्या कागदात असते. इंचाचे काही हजारांश इकडे की तिकडे, एवढ्यावर निकाल लागतो. त्यात तुम्ही बोट फिरवलंत ते उघड्या भागावर. खरी घाण जोडाच्या आत, रिव्हेटच्या डोक्याखाली. कडेला पापुद्रे सुटलेले दिसले (खारी बिस्किटासारखे, थरावर थर), तर मोजमापाचीही गरज नाही, स्पार गेला.

बरं, फक्त स्पार बदलू म्हणाल, तर शेकडो रिव्हेट ड्रिल करून पंख सोलावा लागतो. तो जिगमध्ये, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या साच्यात, पक्का धरला नाही तर पीळ बदलतो, आणि मग विमान जन्मभर एका अंगाला कलून उडतं. त्यापेक्षा अख्खा पंख बरा.

खळग्याला कमी लेखू नका. २६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ सेस्ना २१० चा पंख हवेतच तुटला, दोघे गेले. ती भेग एका गंजाच्या खळग्यातूनच सुरू झाली होती.

तिसरा भागीदार
खळग्यातून भेग निघते हे कबूल. पण ते विमान सर्वेक्षणासाठी खालून, हवेचे धक्के खात उडायचं. आमचं रविवारी सकाळी तासभर.

आणि उलटं उदाहरण घ्या. ४ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत डेटोना बीचला पायपर ॲरोचा (चेरोकीसारखंच पीए-२८ घराण्यातलं) पंख निघाला. विमान २००७ चं, म्हणजे आमच्यापुढे पोरच. गंज नव्हे, निव्वळ थकवा (वारंवार ताण पडून धातूला जाणारी भेग), स्पारच्या खालच्या कॅपमध्ये, म्हणजे खालच्या कडेच्या पट्टीत, बोल्टच्या भोकापाशी. शिकाऊंनी वापरलेलं विमान, साडेसात हजार तासांहून जास्त उडालेलं. त्यानंतर एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक नियामक खातं) बऱ्याच पीए-२८ विमानांना ती भोकं एडी करंटने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने भेग शोधणाऱ्या चाचणीने, तपासायला लावली. मोडीतला पंख शिकाऊ विमानाचा निघाला तर? गंज देऊन थकवा घेतला असं व्हायचं.

आडवा वारा
विकून टाका. जो घेईल तो बघेल.

रिव्हेटगन
@आडवा वारा, असलं विमान "बघेल तो" म्हणून खपवणाऱ्यांमुळेच आमच्यासारख्यांची झोप जाते.

शेपटीचाक
मी जुना पंख विकत घेऊन बसवलाय, म्हणून चार शब्द. विकणाऱ्याने लॉगबुक दाखवलं, सगळं चकाचक. पंख घोडीवर ठेवून झाकण्या उघडल्या, तर आत उंदरांचं घरटं. उंदराचं मूत ॲल्युमिनिअम कसं खातं ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. दोन रिब (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या) चाळणी झाल्या होत्या.

तरीही मी बदलण्याच्याच बाजूचा! पंख जमिनीवर सुटा पडलेला असताना जेवढं आत डोकावता येतं तेवढं विमानाला लावलेला असताना येत नाही. रिब बदलल्या, आतून गंजरोधक मारलं, मग चढवला. वेळ मात्र खातो हं. एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या झडपांच्या) केबली, वेग मोजणारी पिटोची नळी, वायरी, सगळं नव्याने जुळवा, रिगिंग करा, म्हणजे पंखाचे कोन बसवा, वजन आणि समतोल पुन्हा काढा. पहिल्या उड्डाणात थोडं डावीकडे झुकत होतं, फ्लॅप जुळवून गेलं.

तेव्हा @तिसरा भागीदार, विकणाऱ्याला तीच टाकी उतरवून तोच भाग दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर विषय संपला.

थेंबे थेंबे
सगळे पंखावर बोलताय, पण डावाच का सडला? टाकी आणि स्पारमध्ये ओल कुठून येते ते आधी शोधा. निचऱ्याची भोकं रंगाने बुजली असतील, टाकीच्या कडेचं सील गेलं असेल. कारण तसंच राहिलं तर नवा पंखही त्याच वाटेने जाईल.

आणखी दोन गोष्टी. स्टील वूलने घासू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि तिथेच नवं क्षरण सुरू होतं. आणि एसीएफ-५० सारखं गंजरोधक तेल आत्ता घाईने मारू नका. ते भेगेत शिरून बसलं की डाय पेनिट्रंटला (भेगेत रंग शिरवून ती दाखवणारी चाचणी) भेग दिसेलच असं नाही. आधी मोजा, तपासा, मग तेल.

अवांतर: याला "गंज" म्हणायला जीभ अडखळते, गंज म्हटलं की तांबडाच डोळ्यांपुढे येतो. पण "क्षरण" म्हटलं की मेकॅनिक हसतो.

तिसरा भागीदार
@थेंबे थेंबे, आज जाऊन पाहिलं. मुळाकडचं निचऱ्याचं भोक खरंच रंगाने बंद. उजव्या पंखाचं उघडं आहे. ते मोकळं केलं. मोजमाप गुरुवारी. हद्दीत बसलं तर दुरुस्ती, नाही बसलं तर मी गप्प बसेन, हे भागीदारांना लिहून दिलंय.

@शेपटीचाक, विकणाऱ्याला विचारलं. म्हणाला, "टाकी आजवर कधी उतरवलीच नाही, म्हणजे बघा किती चांगला पंख आहे!"

रिव्हेटगन
हाहा. कधीच नाही? मग जायच्या आदल्या दिवशी त्याला टाकीच्या सगळ्या स्क्रूंवर पेनिट्रेटिंग ऑइल (जाम स्क्रू सोडवणारं तेल) सोडून ठेवायला सांगा, आणि तुटके स्क्रू काढणारा स्क्रू एक्सट्रॅक्टर सोबत न्या. निम्म्या स्क्रूंची डोकी तरी उडणार.