चार कृषी विद्यापीठं आणि फसलेल्या प्रयोगांची वही

प्लॉट नंबर ७
राज्यात १९६८ साली एकच कृषी विद्यापीठ होतं. १९७२ पर्यंत राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार झाली. ही चौघं दरवर्षी संशोधनाच्या संयुक्त बैठकीत, म्हणजे 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को'त एकत्र बसतात. नवे वाण, अवजारं, शिफारशी एकाने मांडायच्या, बाकीच्यांनी कीस काढायचा. मी मागच्या रांगेत बसून दोनदा पाहिलंय, भांडतात बरं भांडतात! पण तिथे येतं ते पास होण्यासारखंच. तीन हंगाम घालवून फसलेल्या प्रयोगाचं काय? मी होतो त्या केंद्रावर तणनाशकाच्या एका मात्रेने रोपं पिवळी पडली, प्रयोग गुंडाळला. नोंद फील्ड बुकात. सर रिटायर झाले, कपाट हललं, वही गेली. चार वर्षांनी नव्या साहेबांनी तेच पीक, तीच मात्रा घेतली. चौघांत मिळून फसलेल्या प्रयोगांची एक नोंद ठेवावी आणि ती अ‍ॅग्रेस्कोत वाचावी, असं माझं मत.

काळी माती
असहमत. प्रबंध ठेवायला कृषीकोश हे ऑनलाइन भांडार आहेच, तो किती जण उघडतात? आमच्या लातूरकडे 'फुले संगम' सोयाबीन आलं. वाण कसबे डिग्रजचा, म्हणजे राहुरीच्या सांगलीकडच्या केंद्राचा. परभणीचं एमएयूएस ७१ हे सोयाबीनचंच वाण घरात असताना आम्ही ते पेरलं, कारण पाहुण्याच्या रानात उभं पीक पाहिलं. कुठलं पोर्टल वाचून नाही.

प्लॉट नंबर ७
दादा, तो पास झालेला वाण. नापास झालेल्याचं बियाणं पाहुण्याकडे मिळत नाही.

कातळावरचा
मला धोका वेगळाच दिसतो. आमच्याकडे कोकणात जांभा दगड आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. परभणीला काळी भारी जमीन. 'दापोलीत फसलं' एवढं वाचून तिकडचा माणूस प्रयोगच घेणार नाही. फसल्याची नोंदसुद्धा एक शिफारसच होऊन बसते, आणि तिला कीस काढणारं कोणी नसतं.

एमेस्सीवाली
कातळावरच्या काकांचं पटतं, पण खरं दुखणं गुणांचं आहे. माझ्या प्रबंधात फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सार्थ आला नाही, तर गाइड तो तक्ता परिशिष्टात टाक म्हणाले. पदोन्नतीला पेपर मोजतात, त्यातही नास रेटिंग, म्हणजे नियतकालिकाला मिळालेले गुण, बघतात. फसलेला प्रयोग लिहून कुणाला काय मिळणार? आधी त्याला गुण द्या, वही आपोआप भरेल.

काळी माती
गुण दिले की फसवून घेतलेले प्रयोगही येतील, ताई :)

प्लॉट नंबर ७
कातळावरचे, तुमचा मुद्दा मानला. नुसतं 'फसलं' लिहून चालणार नाही. जमीन, पाऊस, पेरणीची तारीख, फवारणीच्या वेळी ओल किती, हे नसेल तर नोंद घ्यायचीच नाही. गुणांचं मात्र मला पटत नाही. आम्ही फील्ड बुक काही गुणांसाठी भरत नव्हतो.

काळी माती
बरं, एवढं सगळं भरणार कोण? पदं रिकामी पडलीत.

प्लॉट नंबर ७
कनिष्ठ संशोधन सहायक. आजही तोच भरतो, सही तेवढी वरच्याची असते.

काळी माती
मग ती वही मलाही बघायला मिळू दे. तणनाशक शेवटी माझ्याच रानात पडतं.