हजार वजा करायचे राहिलेत! पहिली पुल रिक्वेस्ट कशी पाठवू?

भेंडीवाल्याची_लेक (कळवा)

मंडळी, नमस्कार. मी मॅन्युअल टेस्टिंगवाली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर, घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने महापे, हे रोजचं. पायथन गाडीतच शिकले, तेही मोबाइलवर.

माहेर मुरबाडचं. भात निघालं की बाबा भेंडी लावतात, सातबाऱ्यावर ३२ आर. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे बरोबर एक आर! आमचं रान ३२ पिक्सेलचं. (बांधावरचा आंबा त्यातले दोनतीन खातो.) एका ओपन सोर्स पॅकेजने (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) जुन्या-नव्या हंगामांचा एनडीव्हीआय काढला (हिरवेपणाचा आकडा: निअर इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज), तर जानेवारी २०२१ मध्ये ०.७६ आणि फेब्रुवारी २०२२ पासून सगळं ०.५ च्या खाली. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "रान हिरवंगार होतं गं. तुझ्या मशीनला चष्मा लागलाय."

तीन रात्री घालवल्यावर उलगडलं. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्था प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवून देते. पॅकेज ते न काढताच १०,००० ने भागतं. मला आधी वाटलं, लाल आणि निअर इन्फ्रारेड, दोन्ही बँडमध्ये (प्रकाशपट्ट्यांत) हजार आहेत, कटून जातील. वरच्या वजाबाकीत कटतातही, पण खालच्या बेरजेत दोन हजार उरतात. आमच्या रानातला एक पिक्सेल घ्या: लाल १४००, निअर इन्फ्रारेड ४०००. जसेच्या तसे धरले तर २६०० भागिले ५४००, म्हणजे ०.४८. हजार काढले तर २६०० भागिले ३४००, म्हणजे ०.७६.

मी एक ओळ लिहिलीय: तारीख २५ जानेवारी २०२२ किंवा पुढची असेल तर हजार वजा. माझ्याकडे चालतंय. आता ते मूळ पॅकेजला द्यायचंय, म्हणजे पुल रिक्वेस्ट पाठवायची, पण गिटहबवर (असा कोड ठेवतात ती साइट) आजवर फक्त डाउनलोडचं बटण दाबलंय. माझ्या इंग्रजीला हसतील का? शिवाय कंपनीच्या करारात आहे की नोकरीत असताना लिहिलेला कोड त्यांचा. एका ओळीचासुद्धा?

रबाळे_रात्रपाळी

ताई, शोध झकास, पण ती ओळ पाठवू नका. :)

तारीख बघू नका, बेसलाइन बघा, म्हणजे चित्र कुठल्या प्रक्रिया-आवृत्तीने तयार झालं ते. जुनी चित्रंही नव्या पद्धतीने पुन्हा तयार झालीत. चित्र २०१९ चं, पण फाइलच्या नावात एन०५०० (हीच बेसलाइन), आणि हजार मिळवलेले! तुमची ओळ त्याला शिवणारच नाही. एन०४०० किंवा पुढचं असेल तरच वजा करा. खरं तर ऑफसेटचा (मिळवलेल्या हजाराचा) आकडा मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीच्या फाइलीत असतो, तोच वाचा. उलटही होतं: गूगलच्या अर्थ इंजिनवरच्या हार्मोनाइज्ड संचात हजार आधीच काढलेले असतात. तिथे परत काढलेत तर भेंडी भलतीच हिरवी.

दुसरा खड्डा, यात मी स्वतः पडलोय. हे आकडे बिनचिन्हाचे, १६ बिटी, म्हणजे ० ते ६५,५३५; उण्यात जातच नाहीत, उलट्या टोकाला फिरतात. पाण्यावर ९०० असेल आणि तसेच हजार काढलेत तर उणे शंभर येत नाही, ६५,४३६ येतात. माझ्या नकाशात बारवीच्या जलाशयात पीक डोलत होतं. आधी फ्लोटमध्ये (उणे आणि दशांश चालतात त्या प्रकारात) घ्या, मग वजा. आणि शून्य म्हणजे "माहितीच नाही", त्याला हात लावू नका.

खारेगाव_खाडी

कराराचं मी सांगतो. मॅनेजरला मेल टाका, होकार लेखी घ्या, तोंडी नको. लॅपटॉप स्वतःचा, वेळ स्वतःचा, आणि गिटमध्ये ईमेल स्वतःचा घातलाय ना, ते दोनदा बघा. माझी पहिली कमिट (बदलाची नोंद) ऑफिसच्या पत्त्यावरून गेली. नोकरी सुटली, कमिट तशीच आहे.

इंग्रजीची कसली काळजी? आधी इश्यू उघडा (पॅकेजच्या पानावर चुकीची नोंद) आणि १४००-४००० चं गणित तसंच टाका. योगदानाच्या नियमांची फाइल असेल तर ती वाचा. कुठे कुठे प्रत्येक कमिटला साइन-ऑफ मागतात, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी नावाची ओळ. नमुन्यासाठी अख्खी टाइल (उपग्रहचित्राचा एक चौकोन) चढवू नका, ती ११० किलोमीटर बाय ११० ची असते. ३ बाय ३ पिक्सेलचा तुकडा पुरतो. बाबांच्या रानाच्या हद्दी किंवा गट नंबर मात्र अजिबात नको. सगळं जग बघतं.

भेंडीवाल्याची_लेक

दोघांचेही आभार. तारखेची ओळ पुसली, मेटाडेटा वाचतेय. मॅनेजरचा होकार आला, "ओके, गो अहेड" एवढाच, पण मेलवर आहे.

इश्यूला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: टेस्ट जोड. हे तर माझ्या पोटापाण्याचं काम! नऊ पिक्सेल हाताने लिहिले. त्यात एक ९०० चा, एक शून्याचा, आणि आमचा १४००-४००० वाला. बाबांना फोनवर सांगितलं, हजार वजा करायचे राहिले होते. म्हणाले, "आमचा दलाल बरा, तो वजा करायला कधीच विसरत नाही."

लिनक्सवर सगळ्या टेस्ट हिरव्या. विंडोजवर एक लाल आहे, ओळ संपण्याच्या खुणेवरून काहीतरी रडतेय. शनिवारी बसते.