क्रूझची केबिन आणि तिथली माणसं : नागपूरकरांनो, आपापला अनुभव लिहा

दिवाळीपासून आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांनी मला एकच गोष्ट विचारली : क्रूझला जायचं आहे, केबिन कोणती घेऊ? आपलं गाव समुद्रापासून एका रात्रीच्या रेल्वेवर. पाण्याचा अनुभव म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर रामटेकला गेलो की खिंडसीची बोट. मग एजंट जे फोटो दाखवतो त्यांच्या भरवशावर आपण वर्षभराची शिल्लक मोजून मोकळे होतो. म्हणून जे जाऊन आले त्यांनी इथे सविस्तर लिहावं. केबिन कशी होती, माणसं कशी वागली, पैसे कुठे गेले. तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, काय घडलं तेवढं सांगा. स्वतःच्या नावाऐवजी वर आपल्या वस्तीचं नाव टाका.

सुरुवात मी करते. डिसेंबर २०२४, सिंगापूरहून चार रात्री. आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा. केबिन इनसाइड, म्हणजे बिनखिडकीची, १६० चौरस फुटांच्या आसपास. दार उघडलं की एका हाताला न्हाणीघर, दुसऱ्या हाताला कपाट, पुढे डबल बेड. मुलाचा पलंग छतातून खाली यायचा. अटेंडंट रात्री तो उतरवून शिडी लावून द्यायचा आणि सकाळी परत वर चढवून टाकायचा. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या नाहीत तर पाय ठेवायला जागा उरत नाही.

लाइट बंद केला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पहाटेचे सहा वाजले की दुपारचे बारा, काही कळत नाही. आम्ही एक केलं. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या टोकाच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर सुरू ठेवलं. उजाडलं की पडदा आपोआप उजळायचा. भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे घरचे लोहचुंबकाचे हुक फार कामी आले. टोप्या, पिशव्या, ओले स्विमिंगचे कपडे सगळं भिंतीवर टांगलं. संडासात जेट नव्हता, मग्गा सोबत न्या. आणि फ्लशचा आवाज विमानातल्यासारखा, पहिल्यांदा मुलगा दचकून बाहेर आला.

एजंटने न सांगितलेली गोष्ट म्हणजे सेवाशुल्क. तेव्हा ते माणशी, दर रात्री, १८ डॉलरच्या आसपास होतं. ते लहान मुलालाही लागतं आणि केबिनच्या खात्यावर आपोआप चढतं. तीन माणसं, चार रात्री, साधारण १८ हजार रुपये. बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

प्रतापनगर

आम्ही 'गॅरंटी' केबिन घेतली होती. म्हणजे प्रकार आपण निवडायचा, नंबर कंपनी देणार. स्वस्त पडते, पण नंबर मिळाला तो स्विमिंग पूलच्या बरोब्बर खालचा. पहाटे साडेपाचला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात. करर्र, थांबलं, परत करर्र. चार दिवस हेच. जहाज पूर्ण भरलेलं, त्यामुळे केबिन बदलून मिळाली नाही. काउंटरवरच्या मुलीने कानात घालायचे बोळे दिले, माफी मागितली, तिच्या हातात तेवढंच होतं.

आता मी सगळ्यांना सांगतो की डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे ते पहा. वर केबिन, खाली केबिन असेल तर निवांत. वर पूल किंवा बुफे, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर ती घेऊ नका. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा आवाज येतो. बाल्कनीचे पैसे नसतील तर समुद्र दिसणारी खिडकी घेता येते, पण समोर लाइफबोट लटकलेली नाही ना, ते विचारा. माझ्या मेहुण्याला खिडकीतून चार दिवस केशरी बोटच दिसून राहिली होती.

महाल, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव वेगळा आहे, तरीही लिहितो, कारण सगळ्यांना सिंगापूर परवडत नाही. आम्ही कोचीहून लक्षद्वीपला गेलो. सरकारी 'समुद्रम' पॅकेज, जहाज एम. व्ही. कवरत्ती. पाच दिवस, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. बेटांवर जायला परवाना लागतो, त्याची तयारी आधीपासून ठेवा. केबिन एसी, बर्थ वरखाली, आगगाडीच्या फर्स्ट क्लासची आठवण व्हावी अशी. टॉवेलचे हत्ती-ससे करून ठेवणारं कोणी नाही. जेवणाची वेळ ठरलेली, आणि ती पाळायची.

पण खलाशांची सेवा मी विसरणार नाही. जहाज बेटाला लागत नाही, भर समुद्रात थांबतं आणि पोटातल्या दारातून छोट्या बोटीत उतरायचं असतं. बोट लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. माझी पत्नी दारात उभी राहून थरथरत होती. दोन्ही बाजूंनी दोन खलाशांनी दंड धरले. बोट वर आली तेव्हा एक जण शांतपणे 'नाउ' म्हणाला आणि ती बोटीत होती. तीन बेटं, जाऊन येऊन सहा वेळा, प्रत्येक वेळी तसंच. ज्यांना तोल सांभाळणं जमत नाही त्यांनी मात्र ही सहल विचार करून घ्यावी.

नंदनवन

२०१९ मध्ये आम्ही मित्र 'आंग्रिया'वर मुंबई-गोवा गेलो होतो. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं जहाज, २०१८ मध्ये सुरू झालं होतं. संध्याकाळी माझगावहून निघायचं, सकाळी गोवा. आम्ही सगळ्यात स्वस्त, पडदा लावलेले बंक घेतले. पाठ टेकण्यापुरतीच जागा, पण झोपलं कोण होतं! रात्रभर डेकवर बसून कोकणचा किनारा पाहिला. एका रात्रीचाच प्रवास असेल तर केबिनवर फार पैसे घालू नका.

धंतोली

आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. एजंटला मी तीनदा विचारलं, बाथरूमला पायरी आहे का? 'काही नाही हो ताई, हॉटेलसारखंच असतं.' प्रत्यक्षात दाराला चार बोटं उंच पोलादी उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतोच. आत शॉवरची जागा एवढी अरुंद की मी आईला धरायला आत शिरूच शकत नव्हते. पडदा ओला होऊन तिच्या अंगाला चिकटायचा आणि ती घाबरायची. पहिल्या रात्री मी रडले. दीड लाख रुपये भरून आईला नीट आंघोळ घालता येईना.

दुसऱ्या दिवशी आमच्या अटेंडंटने आपणहून विचारलं. त्याने बसायला प्लास्टिकचं स्टूल आणलं, उंबऱ्याच्या आतबाहेर रबरी मॅट टाकली आणि सांगितलं की मोठ्या जहाजांवर अशा प्रवाशांसाठी वेगळ्या केबिन असतात. रुंद दार, उंबरा नाही, शॉवरमध्ये घडीचं आसन, भिंतीला धरायला दांडे. पण त्या मोजक्या असतात आणि लवकर भरतात. म्हणजे मला त्या मिळू शकल्या असत्या! घरात काठी किंवा वॉकर असेल तर बुकिंगच्या पहिल्या दिवशी लेखी मागा. 'अ‍ॅक्सेसिबल केबिन' हा शब्द वापरा. जहाजावरचा दवाखाना महागडा असतो, प्रवास विमा काढल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

कामठी

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी हॉटेल मॅनेजमेंट करून आणि सेफ्टीचं ट्रेनिंग घेऊन जहाजावर दोन कॉन्ट्रॅक्ट केले, आठ-आठ महिन्यांचे. केबिन अटेंडंट होतो. माझ्याकडे १६ केबिन होत्या. सकाळी सफाई, संध्याकाळी पलंग लावणं. रोज दहा-अकरा तास, आठवड्याचे सातही दिवस. आमची स्वतःची केबिन पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक, खिडकी नाही.

पहिल्या दिवशी अटेंडंट दारात येऊन नाव सांगतो, तेव्हा 'ओके ओके' म्हणून दार लावू नका. दोन मिनिटं बोला. दुपारी किती वाजता झोपता, पलंग जोडून हवे की वेगळे, जादा ब्लँकेट, बर्फ, गरम पाणी, जे हवं ते तेव्हाच सांगा. १६ केबिनचं वेळापत्रक तो त्यावरच बसवतो. आपले लोक संकोच करतात. चार दिवस त्रास काढतात, तोंडातून शब्द काढत नाहीत आणि शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या फॉर्मवर कमी गुण देतात. त्या गुणांवर आमचा पुढचा कॉन्ट्रॅक्ट अवलंबून असायचा. आधी सांगितलं असतं तर केलंच असतं ना बाप्पा.

टॉवेलचा हत्ती सगळ्यांना आवडतो म्हणून सांगतो. दोन टॉवेल लागतात. मोठ्याच्या दोन्ही टोकांच्या गुंडाळ्या करून मध्ये दुमडला की चार पाय उभे राहतात. लहान टॉवेलची सोंड आणि कान करून वर ठेवायचे. मला शिकायला आठवडा लागला. एकदा दार उघडून राहिलो होतो तर आतून आवाज आला, 'अवं, कालचा हत्ती मोडू नको हां, नातीला दाखवायचा हाय.' आठ महिन्यांत पहिल्यांदा आपली बोली कानावर पडली. वर्धेकडच्या आजी होत्या. मी तो हत्ती चार दिवस मोडला नाही, रोज जादा टॉवेल आणून दिले.

आणखी दोन गोष्टी. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल आणू नका. आगीच्या भीतीने काढून घेतात, शेवटी परत देतात. आणि सुरक्षेचा सराव कंटाळवाणा म्हणून चुकवू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेला नव्हता. २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर सराव घ्यावाच लागतो. संकटात आपण जमायच्या जागेचा नंबर केबिनच्या की-कार्डवर छापलेला असतो, तो मुलांकडून पाठ करून घ्या.

इतवारी

आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही. बुकिंगमध्ये जैन जेवण लिहिलं होतं, तरी पहिल्या रात्री हेड वेटरला प्रत्यक्ष भेटलो. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू आणून दाखवायचा आणि काय वगळून देता येईल ते लिहून घ्यायचा. सासूबाईंच्या चतुर्थीला दही, फळं वेगळ्या ताटात आली. घरचा डबा चढताना काढून घेतात, बंद पाकिटातला चिवडा आणि संत्रा बर्फी जाऊ दिली. बुफेच्या दारात हात धुवायची सोय असते. साबणाने धुवाच. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते आणि नुसत्या सॅनिटायझरने तो विषाणू नीट जात नाही.

मनीषनगर

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि साधं रोमिंग पॅक तिथे चालत नाही. मला ११ हजारांचं बिल आलं.

सदर

मळमळीचं कोणी लिहिलं नाही. मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंख असतात, त्यामुळे डावं-उजवं डोलणं कमी होतं, पण पुढे-मागे हलणं जाणवतंच. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन सगळ्यात कमी हलते. झोक्याचंही तसंच असतं, टोकाला झोका मोठा. डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिन ही मळमळीची गोळी सोबत ठेवा आणि मळमळायच्या आधी घ्या. रिकाम्या पोटी राहू नका. मला आलेपाक आणि हिरव्या सफरचंदाने बरं वाटलं.

बेझनबाग

सगळं वाचलं, मनापासून आभार. मार्चचं बुकिंग आहे, सिंगापूरचंच. आम्ही दोघं आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. एजंटने दोन पर्याय दिलेत. एक बाल्कनीची केबिन, १२व्या डेकवर, मागच्या टोकाला. दुसरी खिडकीची, सहाव्या डेकवर, मधोमध. फरक तिघांचा मिळून ४२ हजारांचा. बाल्कनी घेऊ का?

कामठी

ताई, आजी चालतात कशा, त्यावर ठरवा. मागच्या टोकाहून लिफ्टपर्यंतच लांबलचक कॉरिडॉर असतो, दिवसातून सहा-सात चकरा होतात. पण बाल्कनीत बसून राहणाऱ्या आजीही मी पाहिल्या आहेत. सकाळी दार वाजवायचो तर खुर्ची बाहेर, अंगावर शाल, हातात जपमाळ. त्यांना दिवसभर दुसरं काही नको असायचं. मधोमधची बाल्कनी शिल्लक आहे का, ते एजंटला आधी विचारा.

धंतोली

आणि उंबरा! एजंटला उंबऱ्याचं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

ही चर्चा सुरू करणारी

आणखी दोन गोष्टी. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते पहा. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापुरात येतं, म्हणजे प्रवेश दोनदा होतो. आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, सासूबाईंची औषधं आणि चष्मा हातातल्या पिशवीत काढून ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधले काका रात्रीच्या पायजम्यावरच उतरले होते, सगळे कपडे बॅगेत गेलेले.

डेक प्लॅन आणि दोन्ही केबिनचे नंबर इथे टाका. रविवारपर्यंत सगळे मिळून बघू.