मदत हवी आहे: फुटबॉलमध्ये फ्री किक जाळ्यात, तरी गोल किक?

रंकाळा_९: आमची फ्री किक जाळ्यात गेली आणि रेफ्रीनं गोल न देता गोल किक दिली, म्हणजे बॉल त्यांनाच! उद्या सकाळी कमिटीकडं अर्ज द्यायचाय. कुठला नियम टाकू? लवकर सांगा.

शिट्टी: फ्री किकचा नियम १३. पण फाऊल काय होता? रेफ्रीचा हात वर होता का?

रंकाळा_९: होता की वर. हाताचा काय संबंध?

शिट्टी: सगळा संबंध तिथंच आहे. हात डोक्याच्या वर म्हणजे इनडायरेक्ट फ्री किक. मारणारा सोडून दुसऱ्या कुणालाही, मग तो कुठल्याही टीमचा असो, बॉल लागल्याशिवाय गोल नाही. सरळ गेला तर गोल किकच.

चौथी_पायरी: फाऊल गोलपुढच्या पेनल्टी बॉक्समध्ये होता काय? मग पेनल्टीच मागायची की राव!

शिट्टी: डायरेक्ट फ्री किकचा, म्हणजे जिच्यावर सरळ गोल चालतो तिचा, फाऊल असेल तरच पेनल्टी. कीपरनं बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल, हातात घेतला तर इनडायरेक्ट, आणि कार्डही नाही.

रंकाळा_९: बॅकपासच होता. त्यांच्या कीपरनं गोलपासून दोन पावलांवर धरला, तरी रेफ्रीनं बॉल लांब, गोलजवळच्या लहान बॉक्सच्या रेषेवर ठेवायला लावला. ते सगळे गोललाईनवर भिंत करून. हे पण चूकच ना?

शिट्टी: दोन्ही बरोबर. लहान बॉक्समधली इनडायरेक्ट त्या बॉक्सच्या गोललाईनला समांतर रेषेवरून घेतात. ती ५.५ मीटरवर, मग डिफेंडरनी बॉलपासून ठेवायचं ९.१५ मीटर अंतर आणायचं कुठनं? म्हणून दोन पोस्टांच्या मध्ये गोललाईनवर उभं राहायची मुभा आहे. किक कशी घेतली?

रंकाळा_९: एकानं बॉलवर पाय ठेवला, दुसऱ्यानं हाणला.

चौथी_पायरी: मग दोन टच झाले. गोल!

शिट्टी: नुसता तळवा टेकवून भागत नाही भावा. बॉल पायानं मारला आणि स्पष्ट हलला, तरच खेळात आला. नाहीतर दुसऱ्याचा फटका हीच पहिली किक. पहिल्यानं बॉल वीतभर तरी ढकलायचा, सगळ्यांना दिसेल असा.

लेफ्ट_विंग: भिंतीत तीन किंवा जास्त डिफेंडर असले तर आपल्या पोरांनी भिंतीपासून १ मीटर लांब राहायचं. २०१९ पासूनचा नियम आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत निम्म्यांना अजून पत्ता नाही.

शिट्टी: ते विचारलंय कुणी इथं?

रंकाळा_९: ढकलला नव्हता, खरं आहे. पण बॉल त्यांच्या एकाच्या नडगीला घासून आत गेला की.

शिट्टी: अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं! नडगीला लागला असेल तर गोल. पहिल्यानं बॉल ढकलला की नाही हा वादच संपला.

चौथी_पायरी: मी मघापासून गोलच म्हणतोय.

शिट्टी: कारण चुकीचं सांगून.

रंकाळा_९: मग अर्जात १३ टाकू ना?

शिट्टी: टाका, पण रेफ्रीचा नियम ५ पण वाचा. बॉल लागला की नाही, ही मैदानात घडलेली गोष्ट; त्यावर रेफ्रीचा निर्णय अंतिम. गोल किक मारून खेळ सुरू झाला, तिथंच विषय मिटला. कॅप्टननं त्याआधी लाईन्समनला विचारायला सांगायचं होतं.

रंकाळा_९: कॅप्टन तवा शर्ट काढून पळत होता.