राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय: आप्पांना न्यावं का?

सोलापूरची लेक
आमचे आप्पा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला त्यांना मुंबईला नेतेय. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी पोचू, डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची. मधला दिवस या संग्रहालयाला द्यावा असं मनात आहे. शोभेच्या वस्तूंत आप्पांना रस नाही, मुंबई कशी उभी राहिली ते त्यांना बघायचंय. गुडघे दुखतात. जमेल का?

लालबागकर, मूळचा सोलापूरचा
ताई, न्याच! दादरला उतरून धीम्या लोकलने भायखळा, मग पूर्वेकडून टॅक्सी. बुधवारी बंद असतं, आणि दुरुस्तीसाठीही मध्ये बंद ठेवलं होतं, म्हणून आधी फोन करा.

जिना आहे, पण आप्पांना हळूहळू वर न्या, कारण खरी मुंबई तिथे आहे. जुने नकाशे, आणि शहरातल्या नाना जातीजमातींच्या मातीच्या छोट्या मूर्ती. घाईने पुढे सरकू नका. प्रत्येकाच्या डोक्यावरचं बघा, पगडी कशी बांधलीय, धोतर कसं नेसलंय. कापडात आयुष्य काढलेला माणूस तिथे अर्धा तास सहज थांबेल.

आणि आप्पांना इमारतीची गोष्ट नक्की सांगा. पायाभरणी 1862 ची. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसाच पैसा झाला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, शेटलोक बुडाले आणि बांधकाम अडलं. शेवटी सरकारी पैशाने पुरं होऊन 1872 ला दारं उघडली. कापसाचा भाव पडला की काय होतं, हे आप्पांना मी काय सांगणार!

भायखळ्याची मावशी
बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नका. घारापुरीचा तो. 1864 ला विलायतेला न्यायला उचलताना फुटला, पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. पोरं आधी तिकडेच पळतात.

सोलापूरची लेक
दादा, मावशी, मनापासून आभार. कापसाची गोष्ट वाचून दाखवली तर आप्पा म्हणाले, 'डोळ्यांचं नंतर बघू, आधी हे.' आपल्या सोलापुरातही साचेखात्यातली, रंगखात्यातली माणसं अशी जपून मांडलेली बघायला मिळावीत असं फार वाटतं, आप्पांच्या बरोबरीचे आता थोडेच उरलेत. सोमवारचं तिकीट काढते. दादा, वर बसायला बाक आहे का तेवढं सांगा.