मदत हवी आहे : जुनी नेपाळी खुकरी कशी जपावी?

नमस्कार मंडळी. सासरच्या माळ्यावर एक खुकरी सापडली. आजेसासरे फौजेत होते, डेहराडूनला असताना त्यांनी ती घेतली, एवढंच घरात माहीत आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘श्री ३’ आणि पुढे १९६७ कोरलंय. हे विक्रम संवत असणार, म्हणजे इसवी सन १९१० च्या आसपास. तेव्हा नेपाळात राजाला ‘श्री ५’ आणि राणा घराण्यातल्या पंतप्रधानाला ‘श्री ३’ म्हणत, त्यामुळे ही राणांच्या सैन्यातली असावी असा माझा अंदाज. पुढची अक्षरं मात्र लागत नाहीत. पलटणीचं नाव असेल का?

म्यानात मागच्या बाजूला दोन छोटे खण आहेत. त्यातला कर्दा (छोटी सुरी) आहे, चकमक (धार लावायची बोथट पट्टी) हरवलीय. म्यानाचं चामडं कडक होऊन तडकलंय.

पात्यावर गंजाचे ठिपके आहेत. दीर म्हणतात, पॉलिशवाल्याकडे द्या, चकाचक करेल. मला ते अजिबात पटत नाही, कोरलेलं पुसलं जाईल. नुसतं तेल आणि मऊ कापड पुरेल का? चामड्याला काय लावावं?

शिवाय पातं नऊ इंचांहून लांब आहे. घरात ठेवायला परवाना लागतो का? वय शंभरावर, म्हणजे पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही करायची का? कुणी हे केलं असेल तर सांगा. विकायची नाहीये, कृपया भाव विचारू नका.